जुन्या लॅपटॉपवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम: तपासणीपासून शेवटच्या ड्रायव्हरपर्यंत

विंडोज १० चा नियमित सपोर्ट, म्हणजे सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्या दिवशी कुणाचाही लॅपटॉप बंद पडला नाही, म्हणून पुष्कळ जण अजून निवांत आहेत. अडचण अशी की विंडोज १० आणि विंडोज ११ यांचा बराचसा कोड सामाईक आहे. विंडोज ११ मधली एखादी सुरक्षेची त्रुटी बुजवली गेली की तीच त्रुटी विंडोज १० मध्ये कुठे शोधायची, हे हल्लेखोरांना आयतं कळतं. ब्राउझर अद्ययावत ठेवला तरी त्याच्याखालची सिस्टीम उघडीच राहते. ज्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार होतात, ज्यात घरच्यांची कागदपत्रं आहेत, त्यासाठी हा धोका लहान नाही.

पण याचा अर्थ लॅपटॉप टाकून द्या असा मुळीच नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीचं बरंचसं हार्डवेअर आजही लिहिणं, वाचणं, व्हिडिओ कॉल, हिशोब, अभ्यास या कामांना पुरून उरतं. माझा आग्रह एवढाच आहे की काम योग्य क्रमाने करा. इन्स्टॉलेशन हा या सगळ्यातला सोपा आणि बराचसा आपोआप होणारा भाग आहे. लोक अडकतात ते त्याआधीच्या तयारीत. बॅकअप नसतो, डिस्क आधीच आजारी असते, किंवा बायोसमधली (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधली) एक सेटिंग चुकीच्या वेळी बदलली जाते. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे.

आधी मशीन ओळखा

स्टार्ट मेनूत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. तिथल्या पाच गोष्टी कागदावर लिहून घ्या: लॅपटॉपचं नेमकं मॉडेल, प्रोसेसर, रॅम, ‘बायोस मोड’ आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’. मग ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये ‘डिव्हाइस सिक्युरिटी’ उघडून ‘सिक्युरिटी प्रोसेसर डिटेल्स’ पाहा. तिथे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं तर टीपीएमचा (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या आणि विंडोज ११ ला लागणाऱ्या घटकाचा) प्रश्न मिटला. तो पर्यायच दिसत नसेल तर घाई करून ‘माझ्याकडे टीपीएम नाही’ असा निष्कर्ष काढू नका. बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो असतो, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो.

विंडोज ११ च्या अधिकृत अटी अशा: किमान दोन कोअरचा १ गिगाहर्ट्झचा ६४ बिट प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, युईएफआय फर्मवेअर (बायोसचा नवा प्रकार) आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त विश्वासार्ह सॉफ्टवेअर चालू देणारी) सोय, टीपीएम २.०, आणि डायरेक्टएक्स १२ चालवणारं ग्राफिक्स. यातली खरी चाळणी लावते ती मायक्रोसॉफ्टची मान्यताप्राप्त प्रोसेसरची यादी. इंटेलमध्ये ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचे प्रोसेसर त्यात बसतात. पिढी नावातच असते. आय५-७२००यू म्हणजे सातवी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी, आय७-१०५१०यू म्हणजे दहावी. एएमडीच्या बाबतीत निव्वळ मालिकेच्या आकड्यावर विसंबू नका. रायझन २००० मालिकेपासून पुढची बरीच मॉडेल्स चालतात, पण सगळी नाहीत. तुमचं नेमकं मॉडेल यादीत शोधा, किंवा मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ चालवा. कोणती अट अडते आहे, हे ते स्पष्ट सांगतं.

अडलेली अट कोणती, हे महत्त्वाचं आहे. सिक्युअर बूट किंवा टीपीएमवर अडलं असेल तर बायोसमध्ये दोन सेटिंग बदलून काम होण्याची चांगली शक्यता असते. प्रोसेसरवर अडलं असेल तर बायोसमध्ये कितीही शोधाशोध केली तरी उपयोग नाही. त्यासाठी वेगळे मार्ग आहेत, ते पुढे येतील.

आता डिस्कची तब्येत. ही पायरी बहुतेक जण वगळतात. अपग्रेडच्या वेळी डिस्कवर कित्येक जीबी वाचलं आणि लिहिलं जातं, आणि थकलेली हार्ड डिस्क नेमकी अशाच वेळी मान टाकते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की डिस्कसमोर ‘गुड’, ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ असा शेरा दिसतो. खालच्या यादीत ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ या दोन ओळी पाहा. पहिल्या ओळीतला आकडा म्हणजे डिस्कने बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे). दुसऱ्यातला म्हणजे वाचताना अडखळणारे, अजून निकाल न लागलेले सेक्टर. पेंडिंगचा आकडा शून्याच्या वर असेल तर त्या डिस्कवर अपग्रेड करू नका. आधी डेटा बाहेर काढा आणि डिस्क बदला.

बॅटरीही पाहून घ्या. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतो, लॅपटॉप सपाट टेबलावर डुगडुगतो, झाकण नीट बसत नाही, यातलं काही जाणवलं तर बॅटरी फुगली असण्याचा संशय घ्या. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही आणि तशीच वापरत राहायचं नाही. ती बदलेपर्यंत बाकीचं काम थांबवा. बॅटरी फुगलेली नाही, फक्त क्षीण झालेली आहे, तर सगळं काम चार्जर लावूनच करा.

पैसे खर्च करायचेच असतील तर एसएसडीवर करा

लॅपटॉप ‘म्हातारा झाला’ असं लोक म्हणतात तेव्हा पुष्कळदा म्हातारी झालेली असते ती हार्ड डिस्क. टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्कवर क्लिक करा. तिथे ‘एचडीडी’ (हार्ड डिस्क) लिहिलेलं असेल आणि साधी कामं चालू असताना आकडा १०० टक्क्यांना चिकटून बसत असेल, तर संथपणाचं कारण सापडलं.

हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवरून डोकं योग्य जागी न्यावं लागतं आणि त्या प्रत्येक हालचालीला साधारण दहा मिलिसेकंद लागतात. ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होताना विखुरलेल्या हजारो लहान फाइल वाचल्या जातात, म्हणजे ही हालचाल हजारो वेळा होते. एसएसडीत, म्हणजे चिपमध्ये डेटा साठवणाऱ्या ड्राइव्हमध्ये, हलणारं काहीच नसल्यामुळे हा वेळ मिलिसेकंदाच्या एका लहानशा हिश्शावर येतो. म्हणूनच साटा जोडणीची साधी एसएसडी, जिचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबीच्या वर जाऊ शकत नाही, तीसुद्धा जुन्या लॅपटॉपचा कायापालट करते. जुन्या मशीनसाठी सर्वांत वेगवान मॉडेलच्या मागे लागण्याची गरज नाही. हार्ड डिस्कवर विंडोज ११ घालण्याचा सल्ला मात्र मी कुणालाही देणार नाही. अधिकृत अटीत ते बसतं, पण रोजचं काम नकोसं होतं.

विकत घेण्याआधी आकार तपासा. हार्ड डिस्क असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये २.५ इंची ड्राइव्ह बसते. त्या मापाच्या एसएसडी साधारणपणे ७ मिलिमीटर जाडीच्या असतात. पातळ लॅपटॉपमध्ये एम.२ स्लॉट असतो आणि तिथे सावध राहावं लागतं, कारण एम.२ हा फक्त आकार आहे. त्या स्लॉटला साटा एसएसडी चालते की एनव्हीएमई (अधिक वेगवान जोडणीची), हे मॉडेलनुसार बदलतं. काही जुने स्लॉट फक्त साटा ओळखतात. त्यात एनव्हीएमई नीट बसली तरी लॅपटॉपला ती दिसत नाही. उत्पादकाच्या संकेतस्थळावर तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळतं का ते पाहा. स्लॉटचा प्रकार आणि झाकण उघडण्याची पद्धत दोन्ही त्यात असतात.

रॅमचं गणित सोपं आहे. विंडोज ११ साठी कागदावर ४ जीबी, प्रत्यक्षात ८ जीबी. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’खाली किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डीडीआर३एल ही १.३५ व्होल्टवर चालणारी वेगळी जात आहे, आणि जो लॅपटॉप डीडीआर३एल मागतो त्यात साधी डीडीआर३ घालू नका. काही पातळ मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते. तिथे वाढवायला वाव नसतो, आणि ती ४ जीबी असेल तर मी सरळ लिनक्सकडे (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमकडे) वळेन.

नवी एसएसडी घेणार असाल तर जुन्या डिस्कची प्रत काढून नव्यावर चढवण्यापेक्षा नव्या एसएसडीवर कोरी सिस्टीम टाका आणि जुनी डिस्क काढून जशीच्या तशी बाजूला ठेवा. यापेक्षा सुरक्षित पद्धत मला माहीत नाही. काही बिनसलं तर जुनी डिस्क परत बसवली की लॅपटॉप पूर्वीसारखा चालू. सगळं सुरळीत झालं तर तीच डिस्क यूएसबी केसमध्ये घालून हव्या त्या फाइल निवांत उचलता येतात. अनेक वर्षांचा साचलेला कचराही नव्या सिस्टीममध्ये येत नाही.

बॅकअप: डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

‘माझं सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे’ हे वाक्य फार ऐकू येतं. सी आणि डी हे बहुतेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही एकदम जातात, आणि इन्स्टॉल करताना पार्टिशन निवडण्यात गल्लत झाली तर डी पुसला जायला एक क्लिक पुरतो. बॅकअप वेगळ्या वस्तूवरच हवा: बाहेरची हार्ड डिस्क, दुसरा संगणक किंवा क्लाउड. जे परत मिळवताच येणार नाही, म्हणजे फोटो, प्रबंध, व्यवसायाचे हिशोब, ते दोन ठिकाणी ठेवा.

वनड्राइव्हसारख्या सेवांबद्दल एक इशारा. तिथे ‘सिंक’ होतं, म्हणजे इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते. शिवाय लॅपटॉपवर दिसणाऱ्या फाइलशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती प्रत्यक्षात लॅपटॉपवर नाहीच, फक्त तिचं नाव दिसतं आहे. बाहेरच्या डिस्कवर घेण्याआधी अशा फाइल पूर्ण डाउनलोड करा.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळ्यांना आठवतं. सुटतं ते वेगळंच. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड. आउटलुकची पीएसटी फाइल, जिच्यात ईमेल साठवलेले असतात. स्टिकी नोट्स. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा, जो अनेकदा सी ड्राइव्हच्या मुळाशी स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्स की. मराठीत बरंच काम करणाऱ्यांसाठी तर दोन गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत: युनिकोडपूर्व काळातले फॉन्ट आणि सवयीच्या कीबोर्ड मांडणीचं सॉफ्टवेअर. त्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइल फॉन्ट नसला की निरर्थक अक्षरांची रांग होऊन बसतात. ‘फॉन्ट्स’ फोल्डरमधून ते आधी वेगळे काढून ठेवा.

मग बॅकअप तपासा. डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडा, वेगवेगळ्या फोल्डरमधल्या काही फाइल उघडा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका.

याच टप्प्यावर बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी हवीच. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप सुरू असतानाच खातं उघडून ती कागदावर उतरवा. बायोसमध्ये बदल केल्यावर लॅपटॉप हीच की मागू शकतो, आणि ती नसेल तर डिस्कवरचा डेटा असूनही तुमच्यासाठी नसल्यासारखाच.

बायोसमधलं काम आणि त्याचा क्रम

प्रोसेसर यादीत आहे, पण सिक्युअर बूट किंवा टीपीएम अडवतं आहे, अशांसाठी हा भाग.

बिटलॉकर चालू असेल तर कंट्रोल पॅनेलमधून तो आधी ‘सस्पेंड’ करा. लॅपटॉपच्या उत्पादकाकडून तुमच्या मॉडेलचं ताजं बायोस अपडेट घ्या. चार्जर लावलेला हवा, बॅटरीही पुरेशी भरलेली हवी, आणि अपडेट चालू असताना कशालाही हात लावायचा नाही. जुन्या मशीनमध्ये टीपीएमचा पर्याय काही वेळा नव्या बायोसनंतरच दिसू लागतो. शिवाय मायक्रोसॉफ्टची सिक्युअर बूटसाठीची २०११ सालची प्रमाणपत्रं जून २०२६ पासून कालबाह्य होऊ लागतात, त्यामुळे फर्मवेअर ताजं असणं पुढेही उपयोगी आहे.

बायोसमध्ये जाण्यासाठी लॅपटॉप सुरू करताना एफ२, एफ१०, डिलीट किंवा एस्केप यांपैकी एक की लागते, कंपनीनुसार वेगळी. ते जमत नसेल तर विंडोजच्या ‘रिकव्हरी’ सेटिंगमधून ‘अॅडव्हान्स्ड स्टार्टअप’ आणि तिथून ‘युईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ निवडा. टीपीएम तिथे त्या नावाने असेलच असं नाही. इंटेलच्या मशीनवर ‘पीटीटी’, एएमडीच्या मशीनवर ‘एफटीपीएम’ असं लिहिलेलं असू शकतं. ते ‘एनेबल’ करा. शेजारी ‘क्लिअर टीपीएम’ असा पर्याय दिसला तर त्याला हात लावू नका. त्याने टीपीएममधल्या किल्ल्या पुसल्या जातात.

आता सिक्युअर बूट. इथे क्रम चुकला की लॅपटॉप सुरूच होत नाही. तुम्ही लिहून घेतलेल्या यादीत ‘बायोस मोड’समोर ‘युईएफआय’ असेल तर सिक्युअर बूट थेट चालू करा. पण तिथे ‘लेगसी’ असेल तर तुमची डिस्क बहुधा एमबीआर पद्धतीची (डिस्कच्या भागांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीची) आहे, आणि युईएफआयला सुरू होण्यासाठी जीपीटी ही नवी पद्धत लागते. आधी डिस्क बदलायची, मगच बायोसमध्ये मोड बदलायचा. विंडोज १० मध्येच ‘एमबीआर टू जीपीटी’ हे साधन आहे. ते कमांड प्रॉम्प्ट ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून चालवायचं असतं आणि डेटा न पुसता डिस्कची पद्धत बदलतं. त्यात आधी फक्त तपासणी करणारा ‘व्हॅलिडेट’ पर्याय आहे, तो वापरल्याशिवाय ‘कन्व्हर्ट’कडे जाऊ नका. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील किंवा जुन्या धर्तीचं एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर तपासणी नापास होते. मग पार्टिशनची डागडुजी करत बसण्यापेक्षा बॅकअपवर विसंबून कोरं इन्स्टॉलेशन केलेलं बरं. रूपांतर यशस्वी झालं की लॅपटॉप बंद करून बायोसमध्ये जा, ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ बंद करा, युईएफआय निवडा, एकदा विंडोज नीट सुरू होतं याची खात्री करा आणि मग सिक्युअर बूट चालू करा.

नव्या एसएसडीवर कोरी सिस्टीम टाकणाऱ्यांना हा रूपांतराचा भाग लागतच नाही. बायोस युईएफआयवर ठेवून इन्स्टॉल केलं की डिस्क आपोआप जीपीटी होते.

इन्स्टॉलेशन

असलेल्या फाइल आणि प्रोग्राम ठेवून वर चढायचं असेल तर ‘सेटिंग्ज’मधल्या विंडोज अपडेटमध्ये विंडोज ११ दिसतं का पाहा. दिसत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ‘इन्स्टॉलेशन असिस्टंट’ घ्या. सुरुवात करण्याआधी सी ड्राइव्हवर निदान २५-३० जीबी मोकळी जागा करा, बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस काढून टाका आणि माउसखेरीज सगळी यूएसबी उपकरणं सोडवा. वाटेतल्या बऱ्याचशा अडचणी याच तीन कारणांनी येतात. मधे स्क्रीन काळी होईल, लॅपटॉप अनेकदा रीस्टार्ट होईल, टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ थांबेल. डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे तोवर थांबा. अपग्रेड मागे फिरलं आणि ‘सी१९००१०१’ने सुरू होणारा कोड दिसला, तर कारण बहुतेक वेळा जुना ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजला चालवता यावा यासाठीचं लहान सॉफ्टवेअर) असतो. ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर अद्ययावत करून पुन्हा प्रयत्न करा.

दोन ठिकाणी हा मार्ग बंद आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, त्यामुळे ३२ बिट विंडोज १० वरून थेट वर जाता येत नाही. आणि विंडोज ७ वरून यायचं तर कोरं इन्स्टॉलेशनच करावं लागतं. विंडोज ७ आणि ८ च्या जुन्या की वापरून मोफत अपग्रेड करण्याची वाटही मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. याउलट लॅपटॉपवर विंडोज १० ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर त्याचं डिजिटल लायसन्स विंडोज ११ साठी चालतं. इन्स्टॉल करताना ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा, आवृत्ती मात्र पूर्वीचीच घ्या: होमच्या जागी होम, प्रोच्या जागी प्रो.

कोऱ्या इन्स्टॉलेशनसाठी किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. मायक्रोसॉफ्टचं ‘मीडिया क्रिएशन टूल’ त्यावर विंडोज ११ तयार करतं आणि त्यावरचं जुनं सगळं पुसतं. त्याच वेळी लॅपटॉपच्या वायफायचा ड्रायव्हर उत्पादकाकडून घेऊन दुसऱ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. होम आवृत्तीचं सेटअप इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतं, आणि वायफाय ओळखलं गेलं नाही तर तिथेच अडकायला होतं. ड्रायव्हर नसेल तर मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. बहुतेक वेळा तेवढ्याने इंटरनेट मिळतं.

पार्टिशन निवडण्याच्या पडद्यावर मात्र सावकाश वाचा. लॅपटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर जिच्यावर इन्स्टॉल करायचं नाही ती आधीच काढून ठेवणं सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर आकारावरून डिस्क ओळखा. डिस्क दिसतच नसेल तर इंटेलच्या काही लॅपटॉपमध्ये स्टोरेज कंट्रोलरचा ‘आरएसटी’ ड्रायव्हर ‘लोड ड्रायव्हर’मधून द्यावा लागतो. डिस्क बिघडली आहे, असं लगेच समजू नका.

प्रोसेसर यादीत नसेल तर

इथे तीन वाटा आहेत.

पहिली, वेळ विकत न घेता वेळ मिळवण्याची. मायक्रोसॉफ्टची विंडोज १० साठीची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर ती पैसे न देताही घेता येते. नोंदणी विंडोज अपडेटच्या पानावरून होते. हा मुक्काम नव्हे, पण निर्णय घाईत घ्यायचा नसेल तर ही सोय जरूर वापरा.

दुसरी वाट म्हणजे अटी बाजूला सारून विंडोज ११ टाकणं. ‘रुफस’सारखं साधन पेन ड्राइव्ह तयार करताना टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमची अट काढण्याचा पर्याय देतं. ते चालतं, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती आपोआप येत नसल्याने ती पुन्हा हातानेच चढवावी लागते. शिवाय २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना असणं अनिवार्य झालं. कोअर २ ड्युओच्या काळातल्या प्रोसेसरमध्ये त्या नाहीत आणि त्यावर कुठलाही उपाय नाही. ज्याला स्वतः पेन ड्राइव्ह बनवून सिस्टीम उभी करता येते त्याने हा मार्ग खुशाल घ्यावा. आईवडिलांच्या किंवा कार्यालयातल्या लॅपटॉपवर मात्र मी हे करणार नाही. अपडेट थांबल्याचं तिथे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

तिसरी वाट लिनक्सची, आणि सातव्या पिढीपर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपसाठी मला ती सर्वांत प्रामाणिक वाटते. नवख्यांसाठी लिनक्स मिंटची मी शिफारस करेन. खाली स्टार्ट मेनूसारखाच मेनू, ओळखीची मांडणी. मिंट २२ ही आवृत्ती उबुंटू २४.०४ वर आधारलेली आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते, सुखाने चालायला ४ जीबी आणि १०० जीबी. मशीन फारच क्षीण असेल तर सिनॅमन या नेहमीच्या आवृत्तीऐवजी हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या.

लिनक्सचा मोठा गुण म्हणजे इन्स्टॉल न करता पाहता येतं. आयएसओ फाइल (सिस्टीमची संपूर्ण प्रत) उतरवा, संकेतस्थळावर दिलेल्या चेकसमशी (फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळण्याच्या सांकेतिक आकड्याशी) ती जुळवा, रुफस किंवा बॅलेना एचरने पेन ड्राइव्हवर लिहा आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. डिस्कला धक्का लागत नाही. आता वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, स्क्रीनचा उजेड कमीजास्त करण्याच्या कळा, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, प्रिंटर, हे सगळं तपासा. ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर ते सुरुवातीला न दिसण्याची शक्यता असते. मोबाइलचं टेदरिंग जोडून ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ड्रायव्हर घेता येतो. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट मांडणी कीबोर्डच्या सेटिंगमधून जोडून तीही याच वेळी करून पाहा.

अडचण सॉफ्टवेअरची. मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्सवर थेट चालत नाही. लिब्रेऑफिस रोजच्या पत्रांना आणि तक्त्यांना पुरतं, पण मॅक्रोंनी (आपोआप चालणाऱ्या लहान प्रोग्रामनी) भरलेल्या एक्सेल फाइल बिनसू शकतात. तुमची खरी फाइल पेन ड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये उघडून पाहा आणि मगच ठरवा. एखादं विंडोजचं सॉफ्टवेअर सोडणं शक्यच नसेल तर दोन्ही सिस्टीम शेजारी शेजारी ठेवता येतात. त्यासाठी आधी विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’मधूनच सी ड्राइव्ह आकसून जागा मोकळी करा. त्यानंतर ते विंडोज शक्यतो इंटरनेटपासून दूर ठेवा.

इन्स्टॉल झाल्यावर

विंडोज ११ वर सर्वप्रथम अपडेट पूर्ण होऊ द्या, मग ‘ऑप्शनल अपडेट्स’मधले ड्रायव्हर पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह राहिलं असेल तर उत्पादकाच्या पानावरून तो एकच ड्रायव्हर घ्या. विंडोज ११ साठीचा नसेल तर विंडोज १० चा बहुधा चालतो. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाने मिरवणारी बाहेरची सॉफ्टवेअर कटाक्षाने टाळा. ॲक्टिव्हेशन झालं का, हे सेटिंग्जमध्ये तपासा. सुरुवातीचा दिवसभर लॅपटॉप थोडा गरम आणि संथ वाटला तर घाबरू नका, मागे फाइलींची सूची तयार होत असते. टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप ॲप्स’मधली नको ती नावं बंद करा.

बिटलॉकर तुम्ही सस्पेंड केला असेल तर पुन्हा चालू करा. आणि कोरं इन्स्टॉलेशन मायक्रोसॉफ्ट खात्याने केलं असेल तर एकदा एन्क्रिप्शनची स्थिती जरूर पाहा, कारण २४एच२ पासून ते अनेक मशीनवर तुम्हाला न विचारता चालू होतं. चालू असणं चांगलंच, फक्त नवी रिकव्हरी की लिहून ठेवा. जुनी आता लागू नाही.

लिनक्सवर असाल तर ‘टाइमशिफ्ट’ उघडून पहिला स्नॅपशॉट घ्या. एखाद्या अपडेटनंतर काही बिघडलं तर त्या स्थितीत परत जाता येतं. तुमच्या फाइलींचा बॅकअप मात्र टाइमशिफ्ट घेत नाही, तो वेगळाच ठेवावा लागतो.

फाइल ठेवून विंडोज ११ वर चढला असाल तर जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये दहा दिवस राहतं आणि तेवढ्या मुदतीत ‘रिकव्हरी’मधून ‘गो बॅक’ करता येतं. हे दहा दिवस लॅपटॉप मुद्दाम कसून वापरा: प्रिंट काढा, व्हिडिओ कॉल करा, हिशोबाचं सॉफ्टवेअर उघडा, प्रोजेक्टर जोडा. या काळात ‘डिस्क क्लीनअप’ने जागा मोकळी करण्याचा मोह टाळा, कारण तो फोल्डर गेला की परतीची वाट बंद होते. मुदत संपल्यावर विंडोज तो स्वतःच काढून टाकतं. बाहेरच्या डिस्कवरचा बॅकअप मात्र त्यानंतरही काही महिने पुसू नका; एखादी विसरलेली फाइल फार उशिरा आठवते.